वयस्कर माणसाचं स्पायनल स्टेनोसिस आणि छोट्या छेदाचं ऑपरेशन: पहिल्या तपासणीपासून घरी चालायला लागेपर्यंत

आमच्या आईचं कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, सोबत शुगर, बीपी आणि रक्त पातळ करायची गोळी, म्हणजे बऱ्याच घरांत असतं तेच सगळं. ठरवायच्या काळात जो तो सांगायचा की अगं छोटंसंच असतं, दुसऱ्या दिवशी घरी, पण छोटं म्हणजे नक्की काय करतात, कुणाला चालतं आणि कुणाला चालत नाही, त्याआधी काय काय तपासून घ्यायचं, हे एका जागी कुणीच सांगत नव्हतं. म्हणून हे लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, गोळ्यांचे डोस आणि शेवटचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा. माझं मत मात्र आधीच सांगते: छेद किती इंचाचा हे सगळ्यात शेवटी विचारा, आधी नस कुठल्या लेव्हलला (म्हणजे कुठल्या दोन मणक्यांमध्ये) दबलीय, कशाने दबलीय आणि तुमच्या माणसाला होणारा त्रास त्याच जागेचा आहे का, हे पक्कं करून घ्या.

१. त्रास खरंच स्टेनोसिसचा आहे का ते बघा

कमरेच्या मणक्यातून नसांचा जुडगा ज्या नळीतून खाली जातो ती नळी वयानुसार अरुंद होते, यालाच स्टेनोसिस म्हणतात. पुढून डिस्क (मणक्यांमधली गादी) फुगते, बाजूचे छोटे सांधे झिजून जाड होतात, मागचं पिवळं लिगामेंट (मणक्यांना बांधणारा पट्टा) जाड होऊन आत येतं, आणि काही जणांचा एक मणका दुसऱ्यावरून थोडा पुढे सरकलेला असतो. बहुतेकदा हे सगळं थोडं थोडं मिळूनच असतं.

त्रासाची खूण अशी की उभं राहिलं किंवा चाललं की कुल्ल्यापासून मांडी, पोटरीपर्यंत दुखतं, पाय जड होतात, मुंग्या येतात, आणि बसलं किंवा पुढे वाकलं की काही मिनिटांत बरं वाटतं. आई ओट्यावर कोपरं टेकवून काम करायला लागली होती, सरळ उभी राहिली की पाच मिनिटांत खुर्ची शोधायची, पण ट्रॉली ढकलत असली की बरीच लांब चालायची. याचं कारण साधं आहे, पुढे वाकल्यावर ती नळी जराशी मोकळी होते. सायकल चालवता येते पण चालता येत नाही असं सांगणारे पेशंट असतात ते यामुळेच.

आता गोंधळ कुठे होतो. पायांच्या रक्तवाहिन्या आखडल्या असतील तरी चालताना पोटऱ्या दुखतात, पण तिथे नुसतं उभं राहिलं तरी दुखणं थांबतं, वाकायची किंवा बसायची गरज लागत नाही. शुगरमुळे नसा खराब झाल्या असतील तर तळपाय रात्रीसुद्धा जळजळतात, त्याचा चालण्याशी फारसा संबंध नसतो. खुब्याचा सांधा झिजला असेल तर दुखणं जांघेत येतं आणि मोजे घालताना पाय वर घेता येत नाही. वयस्कर माणसात यातल्या दोन गोष्टी एकत्र असणं अगदी कॉमन आहे. आमच्या सर्जननी आधी आईला सरळ उभं केलं, पाय भरून आल्यावर खुर्चीच्या पाठीवर वाकायला सांगितलं आणि दोन बोटांनी पावलावरची नाडी बघितली, एमआरआय त्यानंतर उघडला. तपासणी अशा क्रमाने होत असेल तर पेशंट योग्य हातांत आहे समजा. कुणी पेशंटला उभंही न करता थेट फिल्म बघून तारीख देत असेल तर मी तरी दुसरीकडे दाखवेन.

आणि हो, हातातून वस्तू निसटणं, बटणं लावता न येणं, चालताना तोल जाणं असं काही असेल तर मानेचा मणकाही बघायला सांगा. दोन्हीकडे नळी अरुंद असणारे लोक असतात आणि मानेचं दुखणं आधी सोडवावं लागू शकतं.

२. ही लक्षणं दिसली तर थांबू नका

लघवी अडकली किंवा कळत नसताना व्हायला लागली, संडासवर ताबा राहिला नाही, बसायच्या जागेला आणि जांघेच्या आतल्या भागाला बधिरपणा आला, किंवा पायातली ताकद भराभर कमी होऊन पाऊल लोंबायला लागलं, तर त्याच दिवशी इमर्जन्सीत जा. कमरेसोबत ताप असेल, कॅन्सरची हिस्टरी असेल किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल तर तेही लगेच सांगा. बाकी बहुतेक स्टेनोसिसमध्ये आज की उद्या अशी घाई नसते, विचार करायला वेळ मिळतो. "आत्ता नाही केलं तर पाय जातील" असं कुणी घाबरवत असेल आणि वरचं काहीच नसेल, तर शांतपणे दुसरं मत घ्या.

३. तपासण्या: एमआरआय एकटा पुरत नाही

रिपोर्टमध्ये 'सिव्हिअर' शब्द वाचून घरात रडारड होते, ती करू नका. १९९० साली छापून आलेल्या एका अभ्यासात काहीही त्रास नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले होते, त्यात साठीच्या पुढच्या लोकांपैकी जवळपास २१ टक्के लोकांमध्ये स्टेनोसिस दिसलं. म्हणजे फिल्ममध्ये अरुंद नळी असून माणूस मजेत चालत असू शकतो. उलटंही होतं, फिल्म मध्यम आणि त्रास भरपूर, कारण एमआरआय झोपून काढतात आणि त्रास उभं राहिल्यावर होतो.

म्हणून एमआरआयसोबत उभं राहून काढलेले एक्सरे लागतात, पुढे वाकून आणि मागे वाकून. मणका हलतोय का हे त्यातच कळतं, आणि नुसती नळी मोकळी करायची की मणके एकमेकांना जोडायला स्क्रूही घालायचे हा पुढचा सगळा वाद त्याच्यावर असतो. हे एक्सरे काढलेच नसतील तर मागून घ्या, आमच्या ओळखीत दोघांचे राहिले होते.

पेसमेकर असेल तर तो एमआरआयला चालणारा आहे का हे त्याच्या कार्डावर असतं, चालत नसेल तर सीटी स्कॅन, कधी नळीत डाय (फिल्मवर उठून दिसणारं औषध) सोडून काढलेला सीटी, असा मार्ग असतो. हाडांची घनता मोजायची डेक्सा टेस्ट वयस्कर बायकांच्या बाबतीत तरी करून घ्या, हाडं ठिसूळ असतील तर काही पर्याय आपोआप बाद होतात. नसांची ईएमजी टेस्ट सगळ्यांना लागत नाही, शुगरचा त्रास कुठला आणि मणक्याचा कुठला हे सुटत नसेल तेव्हा उपयोगी पडते.

४. ऑपरेशनच्या आधीचं

फिजिओ, चालण्याची सवय, वजन, गोळ्या, मग इंजेक्शन असा साधारण क्रम असतो. फिजिओला नुसती औपचारिकता समजू नका. २०१५ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात फिजिओ आणि ऑपरेशन अशा दोन गटांचा दोन वर्षांनंतरचा हालचालीचा स्कोअर जवळपास सारखाच निघाला, फक्त त्यातली मेख अशी की फिजिओच्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी मधेच ऑपरेशन करून घेतलं होतं. मी याचा अर्थ असा घेतला की काही जणांचं खरंच फिजिओवर भागतं, तर आधी मनापासून काही आठवडे करून बघायला काय हरकत आहे. पुढे वाकायचे, पोटाच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंचे व्यायाम, बसून चालवायची सायकल, हे चालतं. कंबर मागे वाकवणारे व्यायाम स्टेनोसिसवाल्यांना सहसा त्रास देतात.

गोळ्यांबद्दल दोन धोके सांगते. प्रीगाबालिन, गॅबापेन्टिन या नसांच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांना गुंगी येते आणि रात्री बाथरूमला उठताना पडायला होतं, किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. आणि दुकानातून आणून रोज घेतलेल्या पेनकिलरनी किडनी, बीपी आणि पोट तिन्ही बिघडतं, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रक्तस्राव होतो.

मणक्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन हा वेगळाच विषय आहे. २०१४ साली ४०० स्टेनोसिसच्या पेशंटवर झालेल्या अभ्यासात स्टेरॉइड आणि भुलीचं औषध मिळून दिलेल्यांना आणि नुसतं भुलीचं औषध दिलेल्यांना सहा आठवड्यांनी फारसा फरक दिसला नाही. तरी काही डॉक्टर देतात, काहींना थोडे आठवडे आराम पडतोही, लग्नकार्य किंवा प्रवास निभावायला ठीक आहे. शुगरवाल्यांची शुगर नंतर काही दिवस चढते, तेव्हा मोजत राहा. आणि ऑपरेशन जवळपास ठरलंच असेल तर त्याच्या तोंडावर इंजेक्शन घेऊ नका, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, किती अंतर ठेवायचं ते सर्जनला विचारा.

५. "छोट्या छेदाचं" या नावाखाली काय काय विकलं जातं

इथे सगळ्यात जास्त घोळ आहे. चार वेगवेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात.

पहिली, ट्यूबमधून मायक्रोस्कोपने. पाठीवर साधारण दोन अडीच सेंटीमीटरचा छेद, स्नायू कापण्याऐवजी बाजूला सारत एक नळी आत घालतात, मायक्रोस्कोपखाली मागच्या हाडाचा छोटा भाग आणि जाड झालेलं लिगामेंट काढतात. एका बाजूने आत जाऊन पलीकडची बाजूही मोकळी करतात, त्यामुळे दुसऱ्या बाजूच्या स्नायूंना हात लागत नाही. बरीच वर्षं चालत आलेली पद्धत आहे आणि करणारे सर्जन भरपूर आहेत.

दुसरी, एंडोस्कोपने, ज्याला आपण दुर्बिणीतून म्हणतो. एका छिद्रातून किंवा दोन छिद्रांतून, एकात कॅमेरा आणि दुसऱ्यात हत्यार, सतत सलाइनचं पाणी सोडत करतात. आतलं काम तेच, हाड आणि लिगामेंट काढणं. छेद अजून लहान, रक्त कमी जातं, पण सर्जनचा हात बसायला वेळ लागतो, म्हणून इथे मशीनपेक्षा माणूस महत्त्वाचा. आईचं दोन छिद्रांचं झालं.

तिसरी, सुईसारख्या बारीक पोर्टमधून लिगामेंट खरवडून काढणं, इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'माइल्ड' म्हणतात. जागेवरची भूल आणि थोडी गुंगी, एक्सरेवर बघत करतात, टाकाही लागत नाही, बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. पूर्ण भूल झेपणार नाही अशा पेशंटसाठी आकर्षक वाटते आणि काहींसाठी ती योग्यही असते. पण ती फक्त मागचं जाड लिगामेंट कमी करते. डिस्कने किंवा बाजूच्या सांध्याने नस दबली असेल, नस बाहेर पडते ते भोक अरुंद असेल, मणका जास्त सरकला असेल, तर तिचा उपयोग नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा ती सरस ठरल्याचे अभ्यास आहेत, त्यातला मुख्य अभ्यास उपकरण बनवणाऱ्या कंपनीच्याच पैशाने झालेला आहे हेही माहीत असू द्या.

चौथी, दोन मणक्यांच्या मागच्या टोकांमध्ये स्पेसर (अंतर राखणारा छोटा तुकडा) बसवणं, म्हणजे तो भाग कायम थोडा वाकलेला राहतो. ऐकायला फार छान. पण २०१३ साली आलेल्या हॉलंडमधल्या एका अभ्यासात स्पेसरवाल्यांपैकी २९ टक्के लोकांना पुन्हा ऑपरेशन लागलं, नेहमीच्या पद्धतीने नळी मोकळी केलेल्यांपैकी ८ टक्के लोकांना. एक्स-स्टॉप नावाचा जो सुरुवातीचा गाजलेला स्पेसर होता तो २०१५ साली बाजारातून गेला. नवीन डिझाइन आहेत, पण हाडं ठिसूळ असतील तर ज्या टोकांवर तो टेकतो ती टोकंच मोडू शकतात, आणि या वयाच्या पेशंटमध्ये हाडं बऱ्याचदा ठिसूळ असतात. माझ्या आईला तरी मी तो बसवून घेतला नसता.

'लेझरने मणका' अशी जाहिरात दिसली की एकच प्रश्न विचारायचा, लेझर नक्की काय काढणार. स्टेनोसिसमध्ये काढायचं असतं ते हाड आणि जाड लिगामेंट, आणि ते शेवटी ड्रिल आणि चिमट्यानेच निघतं.

आता स्क्रूचा वाद. मणका सरकलाय, मग फिक्सेशन करूनच टाकू, असं बऱ्याच जणांना सांगितलं जातं. २०२१ साली नॉर्वेतल्या अभ्यासात, झिजेमुळे एका लेव्हलला मणका सरकलेल्या पेशंटमध्ये, नुसतं मोकळं केलेल्यांना आणि स्क्रू घातलेल्यांना दोन वर्षांनी जवळपास सारखाच फायदा दिसला, दोन्हीकडे शंभरातल्या सत्तरच्या वर लोकांना चांगला फरक पडला. स्क्रूचं ऑपरेशन लांबतं, रक्त जास्त जातं, वयस्कर शरीराला ते जड जातं. मणका खूप हलत असेल, कणा वाकडा झाला असेल, तर मात्र स्क्रू लागतातच, तिथे लहान छेदाचा हट्ट धरू नका, अर्धवट ऑपरेशन करून वर्षाने पुन्हा टेबलवर जाण्यापेक्षा ते बरं.

६. सर्जनला काय विचारायचं

कागदावर लिहून न्या, नाहीतर केबिनमध्ये शिरल्यावर सगळं विसरायला होतं. आम्ही विचारलेले हे:

नस कुठल्या लेव्हलला दबलीय आणि ते फिल्मवर बोट ठेवून दाखवा. आईचा त्रास त्याच लेव्हलचा आहे हे कशावरून. तीन लेव्हल अरुंद असतील तर तिन्ही करणार की त्रासाची एकच, आणि का. ही पद्धत तुम्ही दर महिन्याला साधारण किती करता, आणि आत गेल्यावर अडचण आली तर उघड्या पद्धतीवर जायची तयारी आहे का. स्क्रू लागतील की नाही, कशाच्या आधारावर. भूल कुठली. या वयाच्या तुमच्या पेशंटना काय त्रास झाले.

शेवटच्या प्रश्नावर "काहीच नाही" असं उत्तर आलं तर सावध व्हा. नसांच्या भोवतीचं आवरण फाटणं, जंतुसंसर्ग, आत रक्त साठणं, पुरेसं मोकळं न होणं, काही वर्षांनी त्याच किंवा शेजारच्या लेव्हलला पुन्हा त्रास, हे सगळं लहान छेदातही होतं, चांगला सर्जन स्वतःहून सांगतो.

अपेक्षा इथेच नीट करून घ्या. चालताना होणारं पायांचं दुखणं आणि जडपणा सगळ्यात चांगला सुधारतो. कंबरदुखी त्या मानाने कमी. बधिरपणा सगळ्यात हळू जातो आणि खूप जुना असेल तर थोडा राहतोच. पेशंटला स्वतःला काय करायचंय ते विचारा, मुलामुलींना काय वाटतं ते नंतर. आईला "जिना आणि बाजूच्या बागेपर्यंत" एवढंच हवं होतं, आणि ऑपरेशनचा पल्ला त्यावरूनच ठरला, एकाच लेव्हलचं केलं.

७. वयस्कर पेशंटची तयारी, इथे घाई नको

ऑपरेशन तास दोन तासांचं, पण ते सुखरूप होतं ते आधीच्या दोन तीन आठवड्यांच्या तयारीवर.

रक्त पातळ करायच्या गोळ्या: अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, अपिक्साबान, रिव्हारोक्साबान, प्रत्येकीचे थांबवायचे दिवस वेगळे. क्लोपिडोग्रेल आणि वॉरफरिन साधारण पाच दिवस किंवा थोडं जास्त, अपिक्साबान, रिव्हारोक्साबान या नवीन गोळ्या दोन तीन दिवस, किडनी कमजोर असेल तर अजून आधी. हे आकडे फक्त अंदाज यावा म्हणून, स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही. ज्यांनी गोळी सुरू केली ते हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन दोघांचं एकमत लेखी घ्या, आणि पुन्हा कधी सुरू करायची तेही त्याच कागदावर लिहून घ्या, कारण डिस्चार्जच्या गडबडीत ही गोळी परत सुरू करायची राहून जाते आणि मग स्ट्रोकची भीती. नुकताच स्टेंट बसला असेल तर हे ऑपरेशन सहसा काही महिने पुढे ढकलतात. फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल, जडीबुटीची चूर्णं, हेही सांगा, लोक त्याला औषध समजतच नाहीत.

शुगर: एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ८ च्या वर असेल तर बरेच सर्जन आधी शुगर आटोक्यात आणा म्हणतात, जखम चिघळायची भीती असते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी बंद करायला सांगतात, उपाशीपोटी त्यांनी रक्तात आम्ल वाढू शकतं आणि तेव्हा शुगर नॉर्मल दिसत असते म्हणून लक्षात येत नाही. भूलतज्ज्ञाला या गोळीचं नाव मुद्दाम सांगा.

प्रोस्टेट: बाबांची वगैरे लघवी आधीच हळू होत असेल तर भुलीनंतर ती पूर्ण तुंबू शकते. आधी यूरोलॉजिस्टला दाखवलेलं बरं.

बाकी ईसीजी, बहुतेकांना टूडी इको, हिमोग्लोबिन, किडनीची टेस्ट, लघवीत इन्फेक्शन आहे का, दातात पू नाही ना. सिगारेट, तंबाखू जितक्या आधी सुटेल तितकं चांगलं.

घरही आधीच तयार ठेवा: पायपुसणी आणि सैल सतरंज्या उचला, बाथरूममध्ये धरायला दांडा, कमोड बुटका असेल तर वर ठेवायची उंच सीट, हात असलेली उंच खुर्ची, रात्रीचा दिवा, रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर.

८. सोबत न्यायची कागदपत्रं आणि सामान

- एमआरआय आणि एक्सरेची सीडी किंवा पेनड्राइव्ह, नुसता छापील रिपोर्ट चालत नाही, दुसऱ्या सर्जनला चित्रंच बघायची असतात
- सगळ्या गोळ्यांची यादी, नाव, डोस, वेळ; पाकिटांचे फोटोही काढून ठेवा
- अॅलर्जी, डायची अॅलर्जी असेल तर वेगळी मोठ्या अक्षरात
- स्टेंट किंवा बायपासचं डिस्चार्ज कार्ड, पेसमेकरचं कार्ड
- आधीच्या ऑपरेशनचे कागद, विशेषतः भुलीचा त्रास झाला असेल तर
- हृदयाच्या डॉक्टरांचं फिटनेस पत्र आणि गोळ्या थांबवायचा लेखी कागद
- ओळखपत्र, विमा असेल तर आधीच घेतलेली मंजुरी. त्या मंजुरीत ऑपरेशनचं नाव आणि लेव्हल तीच आहे ना ते बघा, कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरं असलं की क्लेम अडकतो
- चष्मा, कानाचं मशीन आणि त्याच्या बॅटऱ्या, कवळीची डबी, मागे पट्टा असलेल्या न घसरणाऱ्या चपला, वॉकर

९. ऑपरेशनचा दिवस आणि पहिली रात्र

संमतीपत्रावर सही करताना लेव्हल आणि बाजू वाचा. दाबाखाली सही करू नका, पाच मिनिटं मागा, मिळतात.

ट्यूब किंवा एंडोस्कोपवाल्यांना बहुतेकदा त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी उभं करून चालवतात. पायातली ओढ गेल्याचं पेशंट तेव्हाच सांगतो, जागेवर दुखतं ते वेगळं. कुशीवर होताना खांदे आणि कंबर एकदम, ओंडक्यासारखं वळायचं, मग पाय खाली सोडत हाताने रेटून उठायचं. हे ऑपरेशनच्या आधीच घरी शिकवून ठेवा, गुंगीत नवीन काही शिकता येत नाही.

रात्री एक गोष्ट होऊ शकते जिच्याबद्दल आधी कुणी सांगत नाही. म्हातारी माणसं भुलीनंतर भ्रमल्यासारखी करतात. आई मध्यरात्री सलाइन ओढायला लागली, मला ओळखेना, गाडी चुकेल म्हणत उठायला बघत होती. नर्सने शांतपणे विचारलं की यांचा चष्मा आणि कानाचं मशीन कुठाय, ते बॅगेत होतं, लावलं, दिवा लावला, मी नाव घेऊन बोलत राहिले, आणि सकाळपर्यंत उतरलं. हे बहुतेकांचं काही तासांत किंवा दिवसांत जातं. घरचं ओळखीचं माणूस रात्री जवळ असू द्या, पाणी द्या, लघवी तुंबली नाही ना आणि दुखत नाही ना ते बघायला सांगा, आणि झोपेची गोळी मागू नका, तिने बऱ्याचदा वाढतं.

नर्सला लगेच बोलवायचं ते या गोष्टींसाठी: ऑपरेशननंतर काही तासांत पाठीत किंवा पायात भयंकर दुखायला लागलं, आधी हलणारा पाय हलेना, बसायच्या जागेला बधिरपणा आला. आत रक्त साठून नसा दबल्या असतील तर पुन्हा उघडावं लागतं आणि तिथे तास मोजले जातात, सकाळी राउंडला सांगू म्हणून थांबायचं नाही.

१०. घरी आल्यावर

पहिले काही आठवडे वाकणं, कंबर पिळणं आणि वजन उचलणं बंद, किती आठवडे ते तुमचे सर्जन सांगतील. चालणं मात्र रोज, थोडं थोडं पण दिवसातून चार पाच वेळा. नुसतं पलंगावर ठेवून सेवा करणं हा सगळ्यात मोठा सापळा आहे, त्याने पायांची ताकद जाते, बद्धकोष्ठ होतं, पायात रक्ताच्या गाठी होतात. एकाच जागी तासन्‌तास बसणंही नको.

कंबरपट्टा सगळ्यांना लागत नाही, सांगितला तरच लावा. बद्धकोष्ठाचं औषध पेनकिलरसोबतच सुरू करा, जोर काढायला लागू नये. पायातली ताकद आणि तोल यांचे व्यायाम फिजिओकडून शिकून घ्या, स्टेनोसिसमुळे वर्षभर कमी चाललेल्या माणसाचे स्नायू आधीच गेलेले असतात, नळी मोकळी झाली म्हणून ते आपोआप येत नाहीत. आईचं दुखणं पहिल्याच आठवड्यात गेलं पण जिना चढायला पुढचे दोन अडीच महिने लागले, ते सगळं व्यायामावर.

मधेच एखाद्या दिवशी पायात जुन्यासारखी कळ येते, विशेषतः जास्त चाललं की. दुसऱ्या दिवशी कमी झाली तर सोडून द्या. वाढतच गेली तर दाखवा.

सर्जनला फोन करायचा तो केव्हा: ताप, जखमेतून पू किंवा पाण्यासारखं स्वच्छ काही झिरपणं, उठून बसलं की डोकं ठणकणं आणि आडवं झालं की थांबणं (आवरण फाटून पाणी गळत असल्याची ही खूण), एका पोटरीला सूज आणि दुखणं. दम लागला किंवा छातीत दुखलं, लघवी अडकली, पायातली ताकद कमी झाली, तर फोनमध्ये वेळ न घालवता थेट इमर्जन्सी.

टाके किंवा जखम बघायला बोलावतील तेव्हा रक्त पातळ करायच्या गोळीचा तो कागद परत सोबत न्या आणि गोळी सुरू झालीय का हे तोंडाने विचारून घ्या. पुढे तीन आणि सहा महिन्यांनी दाखवायला जाताना किती मिनिटं न थांबता चालता येतं ते घरी मोजून लिहून न्या, "बरं आहे" या उत्तरावरून डॉक्टरला काही कळत नाही. हाडांची घनता कमी निघाली असेल तर त्याचं औषधही याच काळात सुरू करून घ्या, ते नेमकं सगळ्यांच्या डोक्यातून निघून जातं.